ग्लुकोज-६-फॉस्फेट: बाटली मागवण्यापासून कुव्हेटपर्यंत

मुंबईतल्या एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या जीवरसायनशास्त्र विभागात रीएजंटचं कपाट माझ्या ताब्यात आहे. कपाट म्हणजे दोन फ्रीज, उणे वीसचा एक डीप फ्रीझर आणि किल्ल्यांचा जुडगा. त्यातल्या एका छोट्या बाटलीवरून मला सगळ्यात जास्त प्रश्न विचारले जातात. एक ग्रॅम पांढरी पूड, लेबलवर ग्लुकोज-६-फॉस्फेट. आम्ही तिला नुसतं जी६पी म्हणतो. जी६पीडी (ग्लुकोज-६-फॉस्फेट डिहायड्रोजनेज) या लाल रक्तपेशीतल्या एन्झाइमचं हे खाद्य. एन्झाइम जी६पीवरचा हायड्रोजन काढून एनएडीपी या त्याच्या मदतनीस रेणूला (कोएन्झाइमला) देतं, एनएडीपीएच तयार होतं आणि ते ३४० नॅनोमीटरचा प्रकाश शोषतं. कुव्हेट म्हणजे चौकोनी पारदर्शक नळी; ती स्पेक्ट्रोफोटोमीटरमध्ये ठेवली की आकडा चढताना दिसतो तो त्याचाच.

एम.एस्सी.ची मुलं, एम.डी.च्या पहिल्या वर्षाचे डॉक्टर आणि छोट्या प्रयोगशाळेत रक्तातलं जी६पीडी मोजायची टेस्ट नव्याने लावणारे, यांच्यासाठी हे लिहिते आहे. यातली मुख्य गोष्ट आधीच सांगून टाकते. काट्यावर जे वजन दिसतं ते सगळं जी६पी नसतं. द्रावणात खरोखर किती आहे हे एन्झाइमकडूनच मोजून घ्यायचं आणि मगच त्या द्रावणाने दुसऱ्याचं एन्झाइम मोजायला बसायचं.

मागवताना

कॅटलॉगमध्ये एकाच नावाखाली चार-पाच क्षार सापडतात. डायसोडियम क्षाराचा रेणुभार ३०४.१ (पाणी धरलेलं नाही), मोनोसोडियमचा २८२.१, डायपोटॅशियमचा ३३६.३. शिवाय बेरियमचा क्षार असतो. काही खास कारण नसेल तर डायसोडियम हायड्रेट घ्या. मोनोसोडियम चालतो, फक्त त्याचं द्रावण आम्लधर्मी होतं आणि पीएच आणायला थोडं जास्त खपावं लागतं. बेरियमचा क्षार आज कोणी मुद्दाम घेऊ नये. तो वापरायचा तर आधी सोडियम सल्फेट घालून बेरियम सल्फेटचा पांढरा साका खाली बसवा, तो सेंट्रिफ्यूज करून काढा, मग वरचं पाणी वापरा. आणि एवढं करूनही थोडं बेरियम राहिलं का, ही शंका डोक्यात राहतेच.

बेरियम या गोष्टीत आलं कुठून, याला मात्र इतिहास आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये आर्थर हार्डन आणि विल्यम यंग यीस्टच्या रसातून साखरेचे फॉस्फेट वेगळे करत होते, तेव्हा वेगळं करण्याचं साधन बेरियमच होतं. दोन फॉस्फेटवाल्या साखरेचा बेरियम क्षार पाण्यात खाली बसतो; एका फॉस्फेटवाल्याचा पाण्यात राहतो आणि अल्कोहोल घातल्यावर बसतो. त्या दुसऱ्या वाट्यातून रॉबर्ट रॉबिसन यांनी १९२२ मध्ये हेक्सोज मोनोफॉस्फेट मिळवलं. त्यामुळे जुन्या पुस्तकांत जी६पीला रॉबिसन एस्टर म्हटलेलं दिसेल. फ्रुक्टोज-६-फॉस्फेट म्हणजे न्यूबर्ग एस्टर, ग्लुकोज-१-फॉस्फेट म्हणजे कोरी एस्टर आणि फ्रुक्टोज-१,६-बिसफॉस्फेट म्हणजे हार्डन-यंग एस्टर. ओटो वारबुर्ग आणि वाल्टर क्रिस्टियान यांनी १९३१ मध्ये लाल रक्तपेशींच्या रसात हाच रॉबिसन एस्टर घालून आज आपण जी६पीडी म्हणतो त्या एन्झाइमचं काम दाखवलं. आपण रोज करतो ती टेस्ट थेट त्या घराण्यातली आहे.

ही चार नावं मुद्दाम लिहिली, कारण इंडेंटवर (खरेदीच्या मागणीपत्रावर) घोळ इथेच होतो. कारकून बिचारा समोर आहे ते उतरवून घेतो. ‘६’ च्या जागी ‘१’ पडला की ग्लुकोज-१-फॉस्फेट येतं, जी६पीडी त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही आणि आकडा हलत नाही. बाटलीही तशीच, पूडही तशीच पांढरी. म्हणून इंडेंटवर नुसतं नाव न लिहिता कॅटलॉग नंबर आणि सीएएस नंबर (प्रत्येक रसायनाचा ठरलेला नोंदणी क्रमांक) दोन्ही लिहा, आणि कोटेशन आल्यावर पुन्हा ताडून बघा.

किती मागवायचं? एका टेस्टला ६ मिलिमोलर द्रावणाचे १०० मायक्रोलिटर लागतात, म्हणजे ०.६ मायक्रोमोल, म्हणजे जेमतेम ०.१८ मिलिग्रॅम. पूड ओलसर धरली तरी एका ग्रॅममध्ये चार हजारांहून जास्त टेस्ट होतात. मार्चएंडला बजेट संपवायचं म्हणून पाच ग्रॅमची बाटली घ्यायची आणि ती उघडझाक करत वर्षानुवर्षं पुरवायची, यात कसलीही बचत नाही.

बाटली हातात आली की

पार्सल शनिवारी दुपारी येतं आणि सोमवारपर्यंत वॉचमनच्या केबिनमध्ये पडतं, हे सगळीकडे घडतं. आइस जेल कोमट झालेलं पाहून घाबरू नका. कोरडी, सीलबंद पूड दोन दिवस बाहेर राहिल्याने वाया जात नाही. मिळाल्याची तारीख आणि ‘जेल वितळलेलं’ एवढं बाटलीवर लिहा आणि उणे वीसला ठेवा. पुढे टायट्रेशन, म्हणजे द्रावणात खरं जी६पी किती ते एन्झाइमने मोजणं, करणारच आहोत, त्यात कळेल.

खरी काळजी ओलाव्याची. मुंबईत जुलैमध्ये पूड हवेतलं पाणी ओढून घेते, पावसाळ्यात मिठाच्या बरणीचं होतं तसंच. फ्रीझरमधून काढलेली थंडगार बाटली लगेच उघडली तर आतल्या बाजूला दव धरतं आणि पुडीच्या कडेला गोळे होतात. बाटली बंद असतानाच सिलिका जेलच्या डेसिकेटरमध्ये तासभर ठेवायची, खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची, मग झाकण फिरवायचं. काच हाताला गार लागते आहे तोवर उघडायची नाही.

मी तर नवी बाटली पहिल्यांदा उघडते तेव्हाच तिचे वाटे करून टाकते. एसी चालू, खिडक्या बंद, शक्यतो कोरड्या दिवशी. घट्ट झाकणाच्या पाच छोट्या व्हायलमध्ये अंदाजे पाचवा-पाचवा हिस्सा, प्रत्येकीला पॅराफिल्म, सगळ्या एका झिपच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुडीसोबत, पुन्हा उणे वीसला. एक व्हायल संपेपर्यंत बाकीच्यांना हवा लागत नाही. रिकामी मूळ बाटली फेकत नाही. लॉट नंबर तिच्यावर असतो.

वजनाचा हिशेब

आता काटा. १०० मिलिमोलरचा ५ मिलिलिटर स्टॉक करायचा आहे असं धरू. लेबलवरचा रेणुभार ३०४.१. हिशेब सरळ दिसतो: १५२ मिलिग्रॅम. बहुतेक जण इतकंच करतात आणि इथेच फसतात.

३०४.१ हा आकडा बिनपाण्याच्या क्षाराचा. बाटलीत आहे तो हायड्रेट. त्यात किती पाणी, हे दर लॉटला वेगळं असतं आणि ते लेबलवर नसतं; लॉटच्या ॲनालिसिस सर्टिफिकेटवर असतं. कंपनीच्या साइटवर लॉट नंबर टाकला की ते उघडतं. त्यात दोन ओळी शोधा: पाण्याचं प्रमाण, आणि एन्झाइमने मोजलेली शुद्धता. शुद्धतेच्या पुढे ‘कोरड्या आधारावर’ अशा अर्थाचं काही लिहिलंय का तेही बघा. लिहिलं असेल तर दोन्ही आकडे गुणायचे. समजा पाणी १२ टक्के आणि शुद्धता कोरड्या आधारावर ९८ टक्के. मग ०.८८ गुणिले ०.९८, म्हणजे ०.८६. काट्यावरच्या १०० मिलिग्रॅममध्ये ८६ मिलिग्रॅमच कामाचा माल. ५ मिलिलिटर स्टॉकसाठी १५२ च्या ऐवजी १७६ मिलिग्रॅम घ्यायला हवेत.

शुद्धता ‘जशी आहे तशी’ दिली असेल तर मात्र पाणी पुन्हा वजा करू नका. ते त्यात आलेलं असतं.

नेमके १७६.३ मिलिग्रॅम आणण्यासाठी स्पॅट्युलाने दाणा दाणा टाकत बसू नका. तेवढ्या वेळात पूड हवेतलं पाणी पितेच आहे. १७० ते १८५ च्या मध्ये जे पडेल ते पटकन वाचा, व्हायल बंद करा आणि पाणी त्या हिशेबाने घाला.

विरघळवताना

पूड पाण्यात लगेच विरघळते, त्यात काही कौशल्य नाही. आधी साडेचार मिलिलिटर पाणी घाला, पीएच बघा, मग उरलेलं. डायसोडियमचं द्रावण थोडं अल्कधर्मी असतं. सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिडचे एक-दोन थेंब घालून ७ ते ७.४ वर आणा. पीएच मीटरचा जाड इलेक्ट्रोड एवढ्याशा द्रावणात बुडवून अर्धा स्टॉक त्याच्यावर चिकटवू नका. पिपेटच्या टोकाने एक मायक्रोलिटर उचला आणि पट्टीवर टेकवा.

मोनोसोडियमच्या वेळी उलटं, सोडियम हायड्रॉक्साइड घालावं लागतं, आणि तिथे हात आवरावा लागतो. जी६पीमधल्या साखरेचं टोक मोकळं असतं. अल्कली जास्त झाली की ग्लुकोजचं रूप पालटतं आणि थोडं जी६पी फ्रुक्टोज-६-फॉस्फेट होऊन बसतं. आम्लात मात्र जी६पी बऱ्यापैकी टिकतं. त्याचं चुलत भावंड ग्लुकोज-१-फॉस्फेट याच्या नेमकं उलट: उकळत्या १ नॉर्मल ॲसिडमध्ये ते काही मिनिटांत फॉस्फेट सोडून देतं. एकाची पद्धत दुसऱ्याला लावू नका, हे त्यासाठी सांगितलं.

तयार स्टॉकचे १०० मायक्रोलिटरचे वाटे एपेंडॉर्फमध्ये करा आणि उणे वीसला ठेवा. एकदा वितळवलेला वाटा त्या दिवशी वापरायचा, उरला तर बेसिनमध्ये. जपून पुन्हा गोठवलेली नळी शोधायला लागणारा वेळ त्या थेंबांपेक्षा महाग असतो.

स्टॉक खरोखर किती आहे

ही पायरी सगळ्यात जास्त टाळली जाते, आणि तिला वीस मिनिटंही लागत नाहीत.

स्टॉक शंभरपट पातळ करा. आता तो आपल्या समजुतीप्रमाणे १ मिलिमोलर आहे. एका सेंटिमीटरच्या कुव्हेटमध्ये एकूण १ मिलिलिटरचा हिशेब: ट्रिस बफर पीएच ८.० अंतिम १०० मिलिमोलर, मॅग्नेशियम क्लोराइड १० मिलिमोलर, एनएडीपी ०.५ मिलिमोलर, आणि पातळ केलेलं जी६पी ५० मायक्रोलिटर. म्हणजे कुव्हेटमध्ये जी६पी ५० मायक्रोमोलर आणि एनएडीपी त्याच्या दहापट. एनएडीपी कधी कमी पडता कामा नये, सगळं जी६पी संपलं पाहिजे. दुसऱ्या कुव्हेटमध्ये, म्हणजे ब्लँकमध्ये, हेच सगळं, फक्त जी६पीच्या जागी पाणी.

दोन्ही कुव्हेट ३४० वर वाचा. आकडा स्थिर झाला की दोन्हीत विकतच्या शुद्ध जी६पीडीचं एकेक युनिट टाका. एन्झाइम बहुधा अमोनियम सल्फेटमध्ये दुधाळ सस्पेन्शन म्हणून येतं. ते गोठवायचं नसतं आणि व्होर्टेक्सवर धरायचं नसतं. नळी हलक्या हाताने उलटीपालटी करा आणि मग घ्या. कुव्हेट पॅराफिल्मने झाकून दोनदा उलटा केला की आकडा चढायला लागतो: ०.०९, ०.१८, ०.२४... चढ मंदावत जातो आणि काही मिनिटांत थांबतो. एनएडीपीएचचा शोषण गुणांक ६.२२ प्रति मिलिमोलर प्रति सेंटिमीटर. हा आकडा १९४८ मध्ये हॉरेकर आणि कॉर्नबर्ग यांनी मोजला आणि आजही तोच वापरात आहे. ५० मायक्रोमोलर जी६पी पूर्ण वापरलं गेलं तर चढ व्हायला हवा ०.०५ गुणिले ६.२२, म्हणजे ०.३११.

सर्टिफिकेट न बघता सरळ १५२ मिलिग्रॅम घेतलेल्याच्या हातात वरच्या उदाहरणातल्या लॉटमध्ये ब्लँक वजा जाता ०.२६८ पडेल. ०.२६८ भागिले ६.२२ म्हणजे ४३.१ मायक्रोमोलर, मागे गुणत गेलं की स्टॉक निघतो ८६ मिलिमोलर. अशा वेळी आणखी चिमूटभर पूड टाकून शंभरवर आणायची खटपट करू नका. नळ्यांवर ‘८६’ लिहा, तारीख टाका आणि पुढचे सगळे हिशेब ८६ धरून करा.

आकडा सपाट न होता हळूहळू सरकतच राहिला तर? तिथे गंमत आहे. त्याच कुव्हेटमध्ये फॉस्फोग्लुकोज आयसोमरेजचे ५ मायक्रोलिटर टाका; हे एन्झाइम फ्रुक्टोज-६-फॉस्फेटचं जी६पी करतं. आकडा आणखी एक पायरी चढला तर तेवढं फ्रुक्टोज-६-फॉस्फेट बाटलीत मिसळलेलं होतं. ते थांबलं की एटीपी आणि हेक्सोकायनेज टाका; ही जोडी ग्लुकोजला फॉस्फेट लावून त्याचं जी६पी करते. आता चढलेली पायरी म्हणजे मोकळं ग्लुकोज, म्हणजे फॉस्फेट गळून पडलेला माल. एकाच कुव्हेटमध्ये तीन पायऱ्या आणि बाटलीची सगळी कुंडली समोर. मुलांना हे एकदा करून दाखवलं की सर्टिफिकेट वाचा म्हणून पुन्हा सांगावं लागत नाही.

प्लेट रीडर वापरणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं: ९६ खाचांच्या प्लेटमध्ये २०० मायक्रोलिटर भरले तर प्रकाशाचा मार्ग एक सेंटिमीटर नसतो, जेमतेम अर्ध्याच्या आसपास असतो. ६.२२ तसाच लावला तर उत्तर निम्म्यावर येतं आणि दोष विनाकारण बाटलीवर जातो.

रक्ताच्या नमुन्यावर

आमच्याकडे जी६पीडी बघण्याची दोन ठळक कारणं. व्हायवॅक्स मलेरिया यकृतात दबा धरून बसतो. त्याला उखडायला प्रायमाक्विन चौदा दिवस द्यावं लागतं, आणि जी६पीडी कमी असलेल्याला ते दिलं तर लाल पेशी फुटतात. हा संबंध १९५६ मध्ये अमेरिकेत कार्सन आणि सहकाऱ्यांनी दाखवला. दुसरं कारण मुंबईचंच म्हणायला हवं: पारशी समाजात ही कमतरता जास्त आढळते, हे इथल्या डॉक्टरांना १९६०च्या दशकापासून माहीत आहे. काही आदिवासी समाजांतही ती बऱ्याच प्रमाणात आहे. तान्ह्या बाळाची कावीळ उतरत नसली की वॉर्डातून नमुना येतो तोही याचसाठी.

मोजमाप बॉयटलर यांच्या पद्धतीचं. ईडीटीएच्या (गोठू न दिलेल्या) रक्तातून १:२० हिमोलायसेट, म्हणजे लाल पेशी फोडलेलं पातळ द्रावण, करायचं. कुव्हेटमध्ये १ मोलर ट्रिस-ईडीटीए बफर पीएच ८.०, १०० मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइड आणि २ मिलिमोलर एनएडीपी, प्रत्येकी १०० मायक्रोलिटर. हिमोलायसेट २०, पाणी ५८०. हे दहा मिनिटं ३७ अंशांवर ठेवायचं. त्यात एनएडीपी असतं म्हणून एन्झाइम या दहा मिनिटांत शाबूत राहतं. ते एनएडीपीला धरूनच टिकतं. मग ६ मिलिमोलर जी६पी १०० मायक्रोलिटर घालून सुरुवात. जी६पी शेवटी घालायचं, आधी नाही. ब्लँकमध्ये जी६पीच्या जागी पाणी.

चढ अगदी लहान असतो. कुव्हेटमध्ये मुळात एकच मायक्रोलिटर रक्त गेलेलं असतं. हिमोग्लोबिन १५ (डेसिलिटरला ग्रॅम) असेल तर त्यात हिमोग्लोबिन ०.१५ मिलिग्रॅम. मिनिटाला ०.०१० चढ आला, तर ०.०१० भागिले ६.२२ म्हणजे १.६ मिलियुनिट (एक युनिट म्हणजे मिनिटाला एक मायक्रोमोल), आणि तेवढ्या हिमोग्लोबिनला भागलं की ग्रॅमला सुमारे १०.७ युनिट. म्हणजे स्क्रीनवर तिसऱ्या दशांश स्थानाचा खेळ चाललेला असतो. म्हणून दिवा अर्धा तास आधी लावून ठेवा, निदान पाच ते दहा मिनिटं वाचन घ्या आणि रेषा सरळ आहे का ते डोळ्यांनी बघा. मशीनने छापलेल्या एकट्या आकड्यावर रिपोर्ट लिहू नका.

ट्रिसबद्दल: खोलीत २५ अंशांना पीएच ८.० लावला की ३७ अंशांवर तो ७.७ च्या जवळ उतरतो, अंशागणिक साधारण ०.०२८. ज्या तापमानाला वाचणार त्या तापमानाला पीएच लावा, किंवा निदान दरवेळी एकाच पद्धतीने लावा.

आणि आणखी एक पाहुणा असतो. जी६पीडीने तयार केलेल्या ६-फॉस्फोग्लुकोनेटवर रक्तातलंच दुसरं एन्झाइम, ६-पीजीडी, काम करतं आणि दुसरा एनएडीपीएच बनवतं. चढ त्यामुळे फुगतो. पुरता हिशेब हवा असेल तर एका कुव्हेटमध्ये नुसतं ६-फॉस्फोग्लुकोनेट, दुसऱ्यात ते आणि जी६पी दोन्ही, आणि मग वजाबाकी. वजाबाकीशिवाय निरोगी प्रौढाचा आकडा ग्रॅमला १२ च्या आसपास येतो आणि वजाबाकीनंतर ८ च्या आसपास. दोन्ही बरोबरच आहेत. फक्त एका पद्धतीचं मोजमाप दुसऱ्या पद्धतीच्या नॉर्मलशी ताडू नका. रुग्णाच्या हातात चुकीचा ‘लो’ जातो तो इथून.

चूक कुठे चालते, कुठे नाही

आता प्रामाणिक हिशेब. स्टॉक १०० च्या जागी ८६ असेल तर रुग्णाच्या रिपोर्टवर किती फरक पडतो? जवळपास नाही. सामान्य जी६पीडीचा केएम, म्हणजे ज्या मात्रेला एन्झाइम निम्म्या वेगाने चालतं ती मात्रा, जी६पीसाठी ५० ते ७० मायक्रोमोलर असतो आणि आपण घालतो ६००. एन्झाइम आधीच तुडुंब आहे. ६०० चे ५१७ झाले तरी वेग एक-दीड टक्क्याने उतरतो. पिपेटची चूक त्याहून मोठी असते. म्हणून रुटीन टेस्टसाठी रोज टायट्रेशन करा असं मी कोणाला सांगत नाही. लॉट बदलला की एकदा, पुरे.

केएम काढायचा असेल तेव्हा मात्र माफी नाही. १०, २०, ४०, ८० अशा मात्रा लावल्या आणि स्टॉक ८६ चा निघाला, तर सगळे बिंदू एकाच प्रमाणात सरकतात. आलेख सुंदर येतो. केएम काढायच्या लाइनवीव्हर-बर्क आलेखाची रेघ पट्टीने ओढल्यासारखी सरळ, व्हीमॅक्सही (एन्झाइमचा कमाल वेग) बरोबर. फक्त केएम १६ टक्के जास्त, आणि आलेखात कुठेही त्याची खूण नाही. रुग्णाच्या एन्झाइमचा प्रकार ओळखायचा असेल तर हे अंगाशी येतं. जी६पीडीच्या कमतरतेतल्या मेडिटरेनियन प्रकाराचा केएम १९ ते २६ मायक्रोमोलर असतो, आणि केएम किती उतरला आहे याच्यावरच तर तो ओळखायचा असतो. १० मायक्रोमोलरच्या कुव्हेटमध्ये सगळं जी६पी संपलं तरी चढ ०.०६ च. एन्झाइम बेताचं टाका आणि पहिल्या मिनिटाचाच उतार घ्या.

हीच बाटली दुसऱ्या कामाला

यकृताच्या मायक्रोसोममध्ये (पेशी फोडून वेगळ्या केलेल्या पडद्यांच्या तुकड्यांत) ग्लुकोज-६-फॉस्फेटेज, म्हणजे जी६पीवरचं फॉस्फेट सोडवणारं एन्झाइम, मोजायला हेच जी६पी लागतं. १९५२ मध्ये कार्ल आणि गर्टी कोरी यांनी फॉन गिअर्के या ग्लायकोजेन साठत जाण्याच्या जन्मजात आजारात यकृतातलं हेच एन्झाइम गायब असतं हे दाखवलं. इथे एनएडीपीएच येत नाही, सुटलेलं फॉस्फेट मोजायचं असतं, आणि ते मोजण्याची पद्धत आपल्या यल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी हार्वर्डमध्ये फिस्के यांच्यासोबत १९२५ मध्ये बसवली. आम्लात मोलिब्डेट आणि त्यासोबत क्षपणकारक (रिड्यूसिंग एजंट) घातलं की निळा रंग येतो.

या कामाला बाटलीची वेगळी परीक्षा घ्या. जी६पीडीला बाटलीतल्या मोकळ्या फॉस्फेटने फारसं बिघडत नाही. इथे मात्र एन्झाइम न घालताच ब्लँक निळा होतो आणि खरा चढ त्यात बुडतो. सर्टिफिकेटवर ‘अजैव फॉस्फेट’ची ओळ असते, ती वाचा, शिवाय स्टॉकवर थेट मोलिब्डेटची हीच टेस्ट करून बघा. एकदा वितळून गोठवलेले वाटे या कामाला नकोतच. बफरही अर्थातच फॉस्फेटचं नको.

लॉट संपत आला की

शेवटची व्हायल उघडली त्याच दिवशी नवा इंडेंट टाका. आमच्याकडे तीन कोटेशन, सही, ऑर्डर आणि कुरिअर यांत दीड-दोन महिने सहज जातात. नवी बाटली आली की जुनीत थोडी पूड असतानाच दोन्ही लॉटचे स्टॉक एकाच दिवशी, एकाच एन्झाइमवर टायट्रेट करा आणि मोजलेली मात्रा धरून दोन्हींचं ६ मिलिमोलर द्रावण करा. मग तीन नमुने, एक नॉर्मल, एक कमी आणि एक मधला, दोन्ही द्रावणांनी चालवा. आकडे जुळले तर रजिस्टरमध्ये दोन्ही लॉट नंबर आणि दोन्ही मात्रा शेजारी शेजारी लिहून सही करा. नाही जुळले तर आधी एनएडीपीची मात्रा बघा, २६० नॅनोमीटरवर, शोषण गुणांक १८ प्रति मिलिमोलर प्रति सेंटिमीटर धरून. बहुतेक वेळा दोष तिथे निघतो आणि जी६पीची बाटली निर्दोष सुटते.